गुरु-शिष्य शिष्टाचार, सामूहिक नृत्यांतील

यात्रा, उत्सव, मेजवानी इ. प्रसंगी होणाऱ्या सामूहिक नृत्यांत नृत्य शिकविणारा व शिकणारा यांनी परस्परांशी कसे वागावे, याविषयीचे रूढ संकेत. शिकवणीच्या जागी गुरूचा अधिकार निर्विवाद असतो. परंतु नृत्यप्रसंगी गुरु व शिष्य दोघेही एकाच रिंगणात उभे असतात. अशा वेळी चूक कोणी, कशी आणि सर्वांदेखत दाखवावी की नाही, हा या शिष्टाचारातील कळीचा प्रश्न होय. नृत्याची शाळा व नृत्याचा प्रसंग वेगवेगळे आहेत की एकच, यावर त्याचे उत्तर बव्हंशी अवलंबून असते.

यूरोपमध्ये या दोहोंची फारकत लवकर झाली. तूआनो आर्बो याचा ऑर्केसोग्राफी (१५८९) हा फ्रेंच ग्रंथ गुरु व काप्रिओल नावाचा शिष्य यांच्या संवादाच्या रूपात असून त्यात पदन्यासाबरोबरच टोपी काढून वंदन करणे, मान ताठ ठेवणे, नृत्याच्या वेळी थुंकणे व नाक शिंकरणे शक्यतो टाळणे असे नियमही सांगितले आहेत. चौदाव्या लूईने १६६१ मध्ये तेरा नृत्यशिक्षकांची राजकीय अकादमी स्थापन केली व या व्यवसायास राजमान्यता मिळाली. इंग्लंडमधील बाथ येथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड नॅश (मृ. १७६१) हा समारंभप्रमुख नृत्यसभांचे नियमन करी, तेथे तलवार बाळगण्यास मनाई असे आणि नृत्य रात्री अकराला थांबे. आर्जेंटिनातील टँगोच्या सभांत नृत्य चालू असता जोडीदारास शिकवू लागणे आजही असभ्यपणाचे समजतात. शिकवणी वर्गात व्हावी, सभेत सर्व समान, हे त्यामागील तत्त्व होय.

महाराष्ट्रातील, विशेषतः सांगली-सातारा भागातील, धनगरांच्या गजीनृत्यात याहून निराळी परिस्थिती आढळते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात कवठे महांकाळ हा तालुका असून त्यातील आरेवाडी येथील बिरोबाचे बन हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. चैत्रातील यात्रेत ढोलांच्या गजरात भंडारा उधळला जातो, ओव्या गायिल्या जातात व गजीनृत्ये होतात. मेंढपाळ कुटुंबांपैकी अनेकांचे वर्षातील कित्येक महिने मेंढरांबरोबर रानोमाळ भटकण्यात जात. त्यामुळे नृत्याचा स्वतंत्र वर्ग भरविणे अशक्यच होते. साहजिकच यात्रेतील रिंगण हीच शाळा ठरली. ढोलवादक मध्यभागी, त्यांच्याभोवती फेटे बांधलेले व हाती रंगीत रुमाल घेतलेले नर्तक, अशी रचना असते. नवशिक्याने जाणत्यांच्या मागून पावले उचलावयाची. जाणत्याने शब्दाने न खडसावता पाऊल पुन्हा स्वतः करून दाखवावयाचे, अशी रीत दिसते. येथे चूक दाखविणे हा अपमान ठरत नाही, कारण दाखविणारा नाचणे थांबवीत नाही. ढोल व भंडारा देवाचा असल्याने प्रथम वंदन देवास व वाद्यास. माणसांतील मानापमान त्यानंतरचा. धनगरांच्या दैवतांचा व ओव्यांचा सखोल अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी केला असून त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

लेझीम या प्रकाराचा शिष्टाचार तालमीतून आलेला आहे. सरावासाठी वापरावयाचे लवचिक धनुष्य हा ‘लेझम’ या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ. पुढे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावून व्यायामाचे साधन तयार झाले. शिकविणाऱ्यास ‘वस्ताद’ म्हणावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आखाड्याची माती कपाळी लावावी, गुरुपौर्णिमेस नारळ व फेटा द्यावा, हे संकेत तालमीबरोबर लेझमीच्या डावांतही आले. मिरवणुकीत मात्र वस्तादाचा अधिकार मर्यादित होतो. कारण लय हलगीवाल्याच्या हाती असते व तिच्यापुढे वस्ताद आणि शिष्य दोघांनाही नमावे लागते. हलगी वाजविण्याचे काम परंपरेने बहुधा मातंग समाजाकडे असे. ज्याच्या तालावर अवघा गाव नाचे, त्यास वस्तादाचा मान क्वचितच मिळे. शिष्टाचार हा केवळ कलेतील श्रेष्ठत्वावर नव्हे, तर जातिव्यवस्थेवरही आधारलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

तमाशाच्या फडात या प्रश्नास आणखी धार आली. प्रवेशापूर्वी चाळांची पूजा करून त्यांना व रंगभूमीस वंदन करणे आणि गुरूचे नाव आदराने घेणे हे तेथील अलिखित नियम होत. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे ब्राह्मण कुळातील असूनही फडात सामील झाले व त्याबद्दल त्यांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला. फडात ज्ञानाचा मान जातीच्या मानाहून वरचढ ठरू शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. मात्र फडाबाहेर तसे घडले नाही.

विसाव्या शतकात लेझीम शालेय शारीरिक शिक्षणात समाविष्ट झाली. वस्तादाची जागा शिक्षकाने व हलगीच्या इशाऱ्याची जागा अनेक ठिकाणी शिट्टीने घेतली. मुलींनाही प्रवेश मिळाला. दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटनप्रसंगी सांगली जिल्ह्यातील सु. ४०० लेझीमपटूंनी भाग घेतला. गजीनृत्यही स्पर्धा व महोत्सवांच्या रंगमंचावर आले. रंगमंचावर चूक दुरुस्त करण्यास वाव नसल्याने तालीम व प्रयोग यांची यूरोपप्रमाणेच फारकत होऊ लागली. नर्तकांची सफाई यामुळे वाढली. तथापि नवशिक्यास रिंगणात सामावून घेणारी, करून दाखवून शिकविणारी जुनी रीत त्यायोगे आक्रसत गेली. यात्रेतील रिंगण जेथे टिकून आहे, तेथे ती अद्यापि आढळते.