विजेता जेहान, बढती त्सुनोडाला

२०११. फोर्स इंडिया संघाने भारतभरातून तीन किशोर चालक निवडले. त्यांतला एक मुंबईचा जेहान दारुवाला. कार्टिंगनंतर २०१५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो युरोपात फॉर्म्युला रेनॉ शर्यतींत उतरला. पुढच्या पायऱ्या फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि अखेरीस फॉर्म्युला वन.

६ डिसेंबर २०२०, बहरीन. फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा जेहान पहिला भारतीय ठरला. दुसरा आला त्याच्याच कार्लिन संघातला युकी त्सुनोडा. दोघेही रेड बुलचे शिष्य.

परंतु हंगामाच्या गुणतक्त्यात त्सुनोडा तिसरा, जेहान बारावा. मार्च २०२१ मध्ये त्याच बहरीनमध्ये त्सुनोडाने फॉर्म्युला वन पदार्पण केले. तिथे तेव्हा जागा अवघ्या वीस होत्या. जेहान आणखी तीन हंगाम फॉर्म्युला टूमध्ये झुंजला. ती शेवटची पायरी मात्र त्याला लाभली नाही.