नाणेघाटाखालची पदवी

शहापूर आणि मुरबाड म्हटले की मुंबईकरांना धरणे आठवतात, माळशेजचा पाऊस आठवतो, फार तर एखाद्या नातलगाचा भाताचा तुकडा आठवतो. विद्यापीठ काही आठवत नाही. पण इतिहासाची गंमत पाहा. आगगाडी शहापूर तालुक्यातील वाशिंदला येऊन थांबली ती ऑक्टोबर १८५५ मध्ये; मुंबई विद्यापीठ स्थापन झाले जुलै १८५७ मध्ये. म्हणजे या मुलखाला गाडी आधी भेटली आणि विद्यापीठ मागाहून जन्मले. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार बी. ए. झाले, तेव्हा गाड्या कसाऱ्यापर्यंत धावतही होत्या.

या गाड्यांनी इथले लाकूड नेले, गवत नेले, भात नेले. १८९२ पासून तानसाचे पाणीही नळांतून मुंबईला जाऊ लागले. उलट दिशेने यायची ती विद्या मात्र वाटेतच रेंगाळली. उल्हासनगरला १९६५ मध्ये चांदीबाई कॉलेज निघाले, कल्याणला १९७२ मध्ये बिर्ला कॉलेज. आज शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही, तेव्हा कल्याणच्या कॉलेजात शिकणाऱ्या तिथल्या मुलाचा निम्मा अभ्यास एस. टी.त होतो, असे म्हणायला हरकत नाही.

आणि एवढे करून तो शिकतो काय? ‘आर्ट्सला आहे,’ असे सांगताना बापाचा आवाज खाली येतो. संख्याशास्त्र म्हटले की पोरगे हुशार दिसते, आणि मास मीडिया म्हटले की ते टी. व्ही.वर कधी दिसणार, असे विचारतात. हे तिन्ही विषय शहरातून आलेला माल आहे, अशीच आपली समजूत. या समजुतीवर मला एकच औषध ठाऊक आहे: वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढावा.

घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे आणि तो राणी नागनिकेचा मानतात. यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा काय दिली, याची ती जंत्री. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि प्रत्येकाचा आकडा. कुठे १,७०० गाई, कुठे १०,००१, कुठे २४,४०० कार्षापण. शून्याचे चिन्ह त्यात नाही. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे; चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही या भिंतीपुढे थांबावेच लागते. दुसऱ्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. त्या भंगल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण वर कोरलेली नावे अजून वाचता येतात. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असे परंपरा सांगते. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा व्यापारी ज्या वाटेने हटकून जाणार, तिथेच हा मजकूर कोरला आहे. वाचक कुठे सापडेल हे त्या राणीला चांगले कळत होते!

हे अंक उलगडून १८७६ साली त्यांवर निबंध लिहिला तो भगवानलाल इंद्रजींनी. हे जुनागढचे, मुंबईत भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पुढे हॉलंडातल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर केले. पदवी मोठी की विद्या, हा वाद दिवाळीच्या फराळात घालायला चांगला आहे, असो.

त्याही आधी आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकर होऊन गेले. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे ते पत्रकार, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारेही तेच, आणि शिलालेख, ताम्रपट वाचणारेही तेच. विद्यापीठ आले आणि या एका माणसाचे तीन विभाग झाले. मराठीला तर विद्यापीठाने पुढे वरच्या परीक्षांतून बाहेरच ठेवले. रानडे त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, आणि १९०१ मध्ये, ते वारले त्याच वर्षी, मराठीला एम. ए.त जागा मिळाली. संख्याशास्त्राचा विभाग पुणे विद्यापीठात १९५३ साली निघाला, तो हुजूरबाजारांनी उभा केला. मुंबईत मास मीडियाची स्वतंत्र पदवी तर २००० सालची; २०१९ मध्ये तिचे नाव बदलून ती बी. ए.च्या छत्राखाली आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आता एका शाखेच्या मुलाला दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची मुभा दिली आहे. बाळशास्त्र्यांना हे वाचून हसू आले असते.

शेतकऱ्याला संख्याशास्त्र नवे आहे असेही कोणी समजू नये. आणेवारी हा शब्द मुरबाडात शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतो. पीक पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई, वर गेले तर नाही. पण हे पीक अंदाजाने ठरवायचे की मोजून? सातारा जिल्ह्यातल्या बुधमध्ये १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी याच प्रश्नाला शास्त्राची शिस्त लावली. मनाला येईल ते शेत निवडायचे नाही, चिठ्ठी टाकावी तसे निवडायचे. ठरल्या मापाचा तुकडा कापायचा, झोडायचा, दाणे तोलायचे. चांगल्या शेताचा मोह नको आणि बांधावरच्या ओळखीचीही भीड नको. सारी मेख इथे आहे.

१९७१ साली मुंबई विद्यापीठाने टपालाने पदवीचे शिक्षण सुरू केले, आणि १९८९ मध्ये कसारा घाटापलीकडे नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले. लग्नानंतर शाळा सुटलेल्या बायका त्यामुळे बी. ए. होऊ शकल्या. त्यांना मार्क किती पडले हे कोणी विचारू नये. चूल आवरून त्या कोणत्या वेळी वाचत होत्या, ते विचारावे.

भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहे. पाऊस लांबला की मुंबईच्या तलावांतील साठ्याचे टक्के वर्तमानपत्रांत रोज छापून येतात, आणि त्याच उन्हाळ्यात या तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. हंड्यामागे किती चालावे लागते, बाईच्या दिवसातले किती तास पाण्यात जातात, याचे टक्के रोज छापून येत नाहीत. ते काढायचे तर घरे निवडण्याची सुखात्म्यांची रीत हवी, छापायचे तर चार ओळींत बातमी लिहिता यावी, आणि त्या बाईला विचारायचे तर ठाकरी, कातकरी बोलीचा कान हवा. शिवळ्याच्या आणि शहापूरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींना हे पाडे कॉलेजच्या वाटेवरच लागतात. काहींची तर घरेच तिथे आहेत.