मारेकऱ्याच्या हाती झोळी आली

हैदराबाद वसून जेमतेम एकवीस वर्षे झाली होती. त्या सुमारास, १६१२ मध्ये, हाजी किस्साख्वान हमदानी नावाचा इराणी कथेकरी या शहरात उतरला. त्याच्यापाशी अमीर हम्जा या वीराच्या दास्तानीची, म्हणजे लांबलचक साहसकथेची, हस्तलिखिते होती. कुतुबशाही दरबारच्या आश्रयाने त्याने त्यांचे सार काढले आणि ‘जुब्दतुर्रुमूझ’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. दास्तानींचा विषय निघाला की लोक लखनौ आणि दिल्लीकडे बोट दाखवतात. कुतुबशाहीच्या गोवळकोंड्याची आठवण कुणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. खून सोडून दिलेला, वाचकाला हसवणारा आणि जादूटोण्यात वावरणारा मारेकरी आज चिनी अद्भुत कादंबऱ्यांमधून तरुण वाचकांना लळा लावतो आहे. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद याच हस्तलिखितांत बसून दख्खनेत आला होता.

त्याचे नाव अमर अय्यार. हम्जाचा बालमित्र, हेर, बहुरूपी आणि पैशाचा कमालीचा लोभी. त्याच्या खांद्यावरच्या झोळीला जंबील म्हणतात. तिच्यात अख्खी नगरे मावतात. अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो, अशी चादरही त्याच्याकडे आहे. कमरेला खंजीर असतोच आणि तो चालवायला अमर कचरत नाही. पण ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात त्या त्याच्या दुसऱ्याच करामती. तो शत्रूच्या तंबूत वेष पालटून शिरतो, मिठाईत गुंगीचे औषध घालतो आणि बेशुद्ध सरदाराची दाढी भादरून पसार होतो.

मारेकऱ्याचा असा खोडकर बहुरूपी झाला कसा? कथेकऱ्याच्या धंद्याकडे पाहिले की मला त्याचे उत्तर मिळते. दास्तान रात्रीमागून रात्री, महिनोन् महिने चालायची. मारलेला शत्रू कथेतून कायमचा जातो. बेशुद्ध पडलेला उद्या शुद्धीवर येतो, चिडतो आणि सूड घ्यायला निघतो. कथा जगवायची तर माणसे जगवावी लागतात. खंजिराची जागा झोळीने घेतली ती अशा गरजेतून, असे मला वाटते.

अमरसारखे हे चलाख बहुरूपी हेर, म्हणजे अय्यार, मुळात इतके गमतीदार नव्हते. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये आणि इराणच्या पूर्वेकडील सीस्तानात त्यांच्या टोळ्या होत्या. कुणी त्यांना लुटारू म्हणे, कुणी गोरगरिबांचे राखणदार. त्यांच्यातलाच याकूब बिन लैस हा तांबट ८६१ मध्ये सीस्तानचा सत्ताधीश झाला आणि सफ्फारी घराण्याचा मूळपुरुष ठरला. पुढे बाराव्या शतकातल्या ‘समक-ए-अय्यार’ या फारसी गद्यकथेत अय्यार दिलेला शब्द पाळणारा नायक म्हणून उभा राहिला. हा समक राहतो चीनच्या राजधानीत! हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, राजपुत्र चीनच्या बादशहाच्या मुलीवर भाळून तिकडे जातो, तिथे त्याला समक भेटतो. इराणी कथेकऱ्याला आपला अय्यार चीनमध्ये ठेवावासा वाटला, याचे मला फार अप्रूप आहे.

खुद्द चीनमध्येही अशी एक व्यक्तिरेखा तोवर घडून गेली होती. तांग काळात, नवव्या शतकात, पेई शिंग या लेखकाने न्ये यिन्यांग या मुलीची गोष्ट लिहिली. एक भिक्षुणी तिला पळवून नेते आणि खून करायला शिकवते. एका रात्री ती कामगिरीवरून उशिरा परतते, कारण ज्याला मारायचे तो आपल्या लेकराशी खेळत असतो आणि तिचा हात लवकर चालत नाही. पुढे ज्याचा जीव घ्यायला तिला पाठवतात, त्याचीच ती रक्षणकर्ती होते. तिची गाढवे कागदाची कापलेली असतात, काम झाले की ती पिशवीत ठेवून देते. इराणी आणि चिनी कथेत उसनवारी झाली, असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडच्या कथेकऱ्यांनी मारणाऱ्या हाताला दुसरे काहीतरी करायला दिले, एवढे मात्र दिसते.

ते न दिल्यास काय होते, हेही पुढे याच हैदराबादवर राज्य करणाऱ्या निजामाच्या मुलुखात कळते. निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलरने १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची इंग्रजी कादंबरी छापली. तिच्यातला अमीर अली माफीचा साक्षीदार आहे, खून त्याने थांबवलेत. पण त्याच्यापाशी सांगण्यासारखे खूनच आहेत. त्याची भीती वाटते, लळा लागत नाही.

१८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने हम्जाच्याच दास्तानमालेतली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ उर्दूत छापायला घेतली. पाठोपाठ १८८८ मध्ये बनारसच्या देवकीनंदन खत्रींची हिंदी ‘चंद्रकांता’ आली. जंगलांचे ठेके घेणाऱ्या या लेखकाने तिच्या प्रस्तावनेतच अय्यारांचे मोठे काम सांगून टाकले: रक्त न सांडता राजांची भांडणे मिटवणे. त्याहून मोठी झेप त्यांनी भूतनाथमध्ये घेतली. हा अय्यार मित्राच्या खुनाचे ओझे वागवतो, जुन्या पापांचे कागद शत्रूंच्या हाती पडलेले असतात आणि प्रत्येक नव्या चांगल्या कामाच्या वेळी ते त्याच्यासमोर नाचवले जातात. अमरला कधीही पश्चात्ताप झाला नाही. भूतनाथला तो झोपू देत नाही. भूतनाथच्या स्वतंत्र कादंबरीचे सहा भाग लिहून १९१३ मध्ये खत्री गेले. उरलेले पंधरा भाग त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद याने लिहिले. त्याच १९१३ साली मराठीत नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि अद्भुताची चटक लागलेल्या आपल्या वाचकांना स्वतःच्या भाषेत आणखी एक पुस्तक मिळाले.