जगतापांची कथा

मराठी विज्ञानकथेचा मागोवा घेताना मी १९७४पाशी नेहमी थांबतो. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. लेखक : नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली होती. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाने हा आडपडदा कशासाठी ठेवला? माझ्या मते, त्यांना कौल हवा होता तो कथेला, नावाला नव्हे. पुढे २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. तरीही विज्ञानकथा दिसली की आपण आधी विचारतो, लेखक शास्त्रज्ञ आहे का? परीक्षकांनी १९७४ साली फक्त कथा वाचली होती. समीक्षेने तेवढे तरी करावे.