वॉटचा काटा

भारत स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांकडे पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. शेवटची दोन निजामाच्या राज्यातली. 1 एप्रिल 1950 रोजी ही दोन्ही आकाशवाणीकडे आली. आजच्या छत्रपती संभाजीनगरात रेडिओच्या आठवणी निघाल्या की गायक आणि निवेदक आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा आवाज गावोगाव पोचवायचा तर ट्रान्समीटरच्या खोलीत कुणीतरी काट्यावर लक्ष ठेवून बसावे लागते. त्या काट्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

त्या काळी रेडिओलहरींचे वॉट थेट मोजणे अवघड होते. म्हणून अँटेनात जाणारा प्रवाह मोजत. प्रवाहाने तार तापे, त्या उष्णतेवर काटा हले. प्रवाहाचा वर्ग करून त्याला अँटेनाच्या रोधाने गुणले की शक्ती निघे. प्रवाह दुप्पट झाला तर शक्ती चौपट. म्हणजे वाचताना छोटी चूक झाली तरी हिशेबात ती मोठी होई. शिवाय असे मीटर ट्रान्समीटरमध्येच पक्के बसवलेले असत.

शक्ती मोजण्याचे काम हातात घेऊन फिरता येईल असे केले ते अमेरिकेतल्या बर्ड कंपनीच्या ‘मॉडेल 43’ या वॉटमीटरने, 1950 च्या दशकात. केबलच्या मध्ये तो जोडायचा. त्याला बॅटरी लागत नाही, लाइनमधलीच किंचित शक्ती काटा हलवते. खरी करामत त्यातल्या गोल एलिमेंटची. त्यावर बाण कोरलेला असतो. बाण अँटेनाकडे वळवला की पुढे जाणारी शक्ती दिसते, उलट फिरवला की परत येणारी. परतीचा आकडा मोठा निघाला तर केबल, कनेक्टर किंवा अँटेना यांत दोष आहे हे तंत्रज्ञाला जागेवरच कळते. टॉवरवर चढावे की नाही, हे त्या दोन वाचनांवर ठरते. इतकी साधी आणि इतकी उपयोगी उपकरणे फार थोडी.

मोबाइल आला आणि सरासरी दाखवणारा काटा अपुरा पडू लागला. जीएसएम फोन सलग बोलत नाही. आठ टाइमस्लॉटपैकी एकात प्रक्षेपण करतो. दोन वॉटचा झटका सरासरीत पाव वॉट दिसतो. त्यामुळे शिखर आणि सरासरी वेगवेगळी दाखवणारे डिजिटल मीटर आवश्यक झाले.

मग मोजमाप लोकांच्या गच्चीपर्यंत आले. टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती वाढली तेव्हा दूरसंचार विभागाने 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली : 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 0.45 वॉट. 2017 मध्ये ‘तरंग संचार’ पोर्टल सुरू झाले आणि शुल्क भरून मोजणी मागवण्याची सोय झाली. हा बदल मोलाचा होता. भीतीचे उत्तर आकड्याने देता येऊ लागले.

वाय-फायचा हिशेब अजून बारीक आहे. 2005 च्या नियमाने 2.4 गिगाहर्ट्झ पट्टा विनापरवाना खुला झाला, पण ट्रान्समीटर एक वॉटपर्यंत आणि अँटेनाचा लाभ, म्हणजे लहरी एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढ, धरून एकूण चार वॉटपर्यंत. दूरच्या इमारतीशी जोडणी करायला कुणी 24 डेसिबल लाभाची जाळीदार डिश लावली, तर यंत्रातून जेमतेम 16 मिलिवॉट सोडता येतात. ते 16 आहेत की 100, हे डिशकडे पाहून समजत नाही. त्यासाठी केबल सोडवून मीटर लावावा लागतो.