जासूद, लखोटा आणि नोंदवही

मराठेशाहीच्या मोडी कागदपत्रांत 'जासूद' हा शब्द वारंवार भेटतो. पत्रे पोहोचविणारा तो जासूद आणि गुप्त बातमी काढणारा तोही जासूदच. निरोप्या व हेर या दोन्ही भूमिका भाषेने एकाच शब्दात नांदविल्या, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आंतरजालाची जोडणी देणारी कंपनी ग्राहकांमधील फाइलींची देवघेव पाहू शकते काय, हा आजचा प्रश्न मुळात या जासुदाचाच आहे.

ब्रिटिश अमदानीत निरोप्या सरकारी झाला आणि लखोटा उघडण्याचा अधिकार कायद्यात लिहिला गेला : १८८५ च्या तार कायद्याचे पाचवे कलम, १८९८ च्या टपाल कायद्याचे सव्विसावे. स्वातंत्र्यानंतरही ही कलमे टिकली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने तोच अधिकार संगणकीय संदेशांपर्यंत आणला. तार व टपाल यांचे जुने कायदे जाऊन २०२३ चे नवे आले, तरी अधिकार कायम आहे. मात्र तो शासनाचा आहे. कंपनीने आपल्या मर्जीने वापरावा असा नव्हे.

मग कंपनीला दिसते काय? कोणत्या ग्राहकाची जोडणी कोणत्या पत्त्याशी, किती वेळ झाली आणि किती माहिती गेली-आली, हे दिसते. मजकूर कूटबद्ध असेल तर लखोट्याच्या आतले दिसत नाही. परंतु २००१ साली आलेल्या बिटटॉरंट पद्धतीत हेराला निरोप्याची फारशी गरजच उरली नाही. एखादी फाइल वाटून घेणाऱ्यांत जो सामील होतो, त्याला इतरांचे आयपी पत्ते दिसतात. चित्रपटाचा हक्कदारही तेथे शिरून पत्ता व वेळ टिपू शकतो. त्या पत्त्यामागचा ग्राहक कोण, एवढेच कंपनीच्या नोंदवहीतून काढायचे राहते.

खरी जोखीम या नोंदवहीत आहे. ऑर्कुटवर शिवछत्रपतींविषयी अवमानकारक मजकूर टाकल्याच्या आरोपावरून २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. आयपी पत्त्यामागचा ग्राहक म्हणून सेवा पुरवणाऱ्या कंपनीने त्याचे नाव दिले होते. ती माहिती चुकीची निघाली. तोवर त्याचे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. हे प्रकरण फाइलींच्या देवघेवीचे नव्हते, पण पुराव्याची साखळी तीच होती : पत्ता, वेळ, नोंदवही, नाव.

जुन्या कागदाची तिथी, हस्ताक्षर व शिक्का ताडून पाहिल्यावाचून आपण त्यावर एक वाक्यही उभे करीत नाही. कंपनीची नोंद हाही एक दस्तऐवजच आहे. बिनचूक असली तरी ती जोडणी कोणाच्या नावे आहे एवढेच सांगते. त्या घरातील, वसतिगृहातील वा महाविद्यालयातील कोणाचा हात कळफलकावर होता, हे तिला ठाऊक नसते.