सावरगावचे सूर्यघड्याळ

उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र म्हणजे दगडचुन्यात बांधलेले सूर्यघड्याळ. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी ते उभारले. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला. तेथे शिल्प आणि पाठ्यपुस्तक एकच आहेत. मात्र त्याची हुबेहूब प्रतिकृती जाम नदीकाठच्या सावरगावात उभारली, तर शिल्प उरेल, पाठ चुकेल.

त्या यंत्राची तिरकी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३.२ अंश कललेली आहे, सावरगावास २१.६ अंश हवेत. रेखांशाची चूक याहून मोठी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. सावरगाव त्याच्या पश्चिमेस सुमारे चार अंश आणि दर अंशास चार मिनिटे. म्हणून येथील सूर्य मनगटी घड्याळाच्या सरासरी सोळा मिनिटे मागे असतो. उज्जैनला हेच अंतर सत्तावीस मिनिटांचे.

शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला अक्ष यांमुळे हा फरक वर्षभर हलता राहतो. सावरगावी फेब्रुवारीच्या मध्यास मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी जवळजवळ ठीक बाराला. शाळेच्या अंगणात उभी काठी रोवून, तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते हे नोंदवणाऱ्या मुलांना ते स्वतःच गवसेल. मेच्या अखेरीस मध्यान्ही ती सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यासही होते, पण तेव्हा ढगांची कृपा हवी.